त्याच्या डोळ्याचा ठिपका

त्या दिवशी दुपारी तीनलाच दुकानात दिवे लावावे लागले. पाऊस सरत आलेला, थंडी अजून यायची होती, आणि आभाळ आठ दिवस झाले तरी हटायचं नाव घेत नव्हतं. अशा दिवसांत दुर्बिणींच्या दुकानात कोण येणार? बाबा काउंटरमागच्या खुर्चीत पेंगत होते आणि त्यांची लेक मागच्या टेबलाशी एका रायफलवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, सरळ बसवायच्या खटपटीत होती.

स्कोपमधून बघितलं की आत एक बारीक काळा क्रॉस दिसतो. रायफल सरळ धरली की त्या क्रॉसची उभी रेघ अगदी उभी हवी. जराशी कलली तरी तीनशे मीटरवर गोळी भलतीकडे जाते. म्हणून तिने खिडकीत ओळंबा टांगला होता आणि त्याच्या दोऱ्याशी ती रेघ जुळवत बसली होती. अर्धा तास झाला, मान अवघडली, पण रेघ काही जुळेना.

तेवढ्यात दार ढकलून एक माणूस पाठमोरा आत आला. पाठमोरा, कारण दोन्ही हातांत केकचं भलंमोठं खोकं होतं आणि दार ढकलायला पाठीशिवाय काही उरलं नव्हतं. वळला आणि म्हणाला, डॉक्टरसाहेबांचा केक. तिने मान वर न करताच सांगितलं की डॉक्टर वरच्या मजल्यावर. मग तिच्या लक्षात आलं की वरचे डॉक्टर दातांचे आहेत, आणि तिने न राहवून विचारलं की दातांच्या डॉक्टरला केक कशाला लागतो?

“धंदा चालायला नको का,” तो गंभीरपणे म्हणाला.

ती हसली. आता यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि बापलेकीच्या त्या घरात जेवायला ये आणि दिवा बंद कर यापलीकडे बोलणं उरलं नव्हतं. काउंटरमागे पेंगणाऱ्या बाबांनी डोळे उघडून लेकीकडे बघितलं, इतका तो आवाज त्या दुकानाला नवा झाला होता.

त्याने खोकं टेबलावर ठेवलं. भुवयांवर पीठ, बाहीवर पीठ, आणि मनगटाच्या पाठीने तो सारखा उजवा डोळा चोळत होता. पिठाने डोळे चुरचुरतात म्हणाला, बेकरीत जन्मलेल्यांचं हे असंच. मग रायफलकडे बोट करून विचारलं की एकदा बघू का? तिने खुर्ची सरकवली. तो वाकला, डोळा लावला, एका क्षणात सरळ झाला.

“डावीकडे कललाय. अगदी… एवढासा.”

तिला राग आला. बेकरीवाल्याने येऊन तिला तिचं काम शिकवावं! तरी तो केक घेऊन जिना चढल्यावर तिने स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू सैल केले, स्कोप एवढासा उजवीकडे फिरवला, आणि रेघ ओळंब्याच्या दोऱ्यावर अशी बसली की मध्ये फट दिसेना. असा डोळा तिने आजवर कुणाचा बघितला नव्हता.

शनिवारी तो परत आला, या वेळी सरळ तोंडाने. खांद्यावर रायफलची पेटी आणि हातात कागदी पिशवीत गरम पाव. पाव कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, रिकाम्या हाताने कसं यायचं, आणि आमच्याकडे दुसरं असतं काय. नेमबाजीच्या रेंजच्या क्लबातून सगळी कागदपत्रं आणली होती, ती बाबांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. मग पिशवीत डोकावून तिला म्हणाले, तू बघ याचं.

पाच महिन्यांनी निवड स्पर्धा होती. तीनशे मीटर, पालथं झोपून साठ गोळ्या. पहिले तीन पुढे जाणार. गेली दोन वर्षं तो चौथा आला होता. दहावा आलेला माणूस घरी जाऊन निवांत झोपतो, पण चौथा नंबर म्हणजे काय ते चौथ्यालाच विचारावं, असं तो म्हणाला. जुना स्कोप त्याच्या थोरल्या भावाचा होता, आतून ओल धरलेला. बेकरी वडिलांची, घर भावाचं. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याजवळ काय, तर हा नेम. एवढं एकदा करायचं होतं, मग आयुष्यभर पाव भाजायला तो मोकळा.

आणि गडी आला तो थेट कपाटातल्या सगळ्यांत जाड स्कोपपाशी जाऊन उभा राहिला. चाळीस पट मोठं दाखवणारा. सगळे तसंच करतात. तिने तो काढला, तिवईवर बसवला आणि मागच्या खिडकीतून लांबच्या कारखान्याच्या चिमणीवर रोखला. चिमणीला लोखंडी शिडी होती. दुकानातला प्रत्येक स्कोप त्या शिडीवरच पारखला जायचा.

तो बघून हरखला. शिडीच्या नटावरचा गंजसुद्धा दिसतो म्हणाला. तिने सांगितलं, आता डोळा न काढता वीस श्वास घ्या. सातव्या-आठव्या श्वासाला शिडी नाचायला लागली. तिने समजावलं की एवढ्या पटीत स्वतःच्या छातीचा ठोकाही दिसतो, ऊन तापलं की जमिनीची वाफ दिसते, आणि एकदा नजर हलली की आपलं लक्ष्य शोधता शोधता वेळ जातो. मोठं दिसतं म्हणजे नीट दिसतं असं नाही. मग तिने पंचवीस पटीचा एक साधासा काढला. दिसायला काही खास नव्हता, पण काच स्वच्छ, क्रॉस बारीक, आणि बाजूचा नॉब अंतराला नीट जुळवला की डोकं इकडेतिकडे झालं तरी क्रॉस लक्ष्यावरून ढळायचा नाही.

“डोकं हलवून बघा,” ती म्हणाली.

त्याने हलवलं. “क्रॉस जागचा हलत नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “माझंच काही सांगता येत नाही.”

बाबा काउंटरमागे खाकरले.

आता शेवटचं काम उरलं. स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला बारीक रेघा आखलेलं एक कडं असतं. ते ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून घ्यायचं, म्हणजे आतला क्रॉस त्याला स्वच्छ दिसतो. तिने स्कोप रिकाम्या आभाळाकडे केला आणि त्याला सांगितलं की नुसती एक नजर टाकायची आणि डोळा काढायचा, रोखून बघायचं नाही. का, म्हणून त्याने विचारलं.

“डोळा लबाड असतो,” ती म्हणाली. “वेळ दिला की पुसटसुद्धा ओढूनताणून स्पष्ट करून घेतो. मग तासाभराने दुखायला लागतो.”

“म्हणजे पहिल्या नजरेत दिसतं तेच खरं?”

“स्कोपच्या बाबतीत… हो.”

तिचे कान गरम झाले होते. ती कडं एकेक रेघ फिरवत गेली, तो नजर टाकत गेला, आणि एका जागी तो म्हणाला, “हं. आता.” तिने बारीक ब्रश घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि स्कोपच्या नळीवरच्या पक्क्या रेघेच्या बरोबर समोर कड्यावर एक ठिपका ठेवला. ही त्या दुकानाची पद्धत, बाबांच्या बाबांपासूनची. एकदा ठिपका पडला की तो डोळा त्या माणसाचा. ठिपका रेघेसमोर आहे ना एवढं बघायचं. स्कोपच्या मालकाला सांगितल्याशिवाय त्या कड्याला कुणी हात लावायचा नाही, मग तो राजा का असेना.

त्यानंतर दर शनिवारी तो यायला लागला. कधी स्क्रू घट्ट आहेत का बघा, कधी काच पुसून द्या. बेकरीवाल्याला काच पुसता येत नाही यावर बाबांचासुद्धा विश्वास बसला नसता, पण तेही पाव खात होते, त्यामुळे गप्प. रेंजवर किती गुण पडले ते तो आधी तिला सांगायचा, मग भावाला. ती त्याला आईबद्दल सांगायची. आई गेली त्या आठवड्यात तिने कुणाशीच बोलायचं नाही म्हणून सतरा स्कोप उघडून साफ केले होते, हे तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं. त्याने ते ऐकून घेतलं आणि धीर वगैरे काही दिला नाही. नुसता पिशवीतला दुसरा पाव तिच्यापुढे सरकवला. बाहेर आभाळ तसंच होतं, कुबट आणि खाली आलेलं. पण शनिवारी तिला ते दिसायचं नाही.

सहाव्या की सातव्या शनिवारी तो म्हणाला, क्रॉस जरा पुसट वाटतो हो.

आपलंच कडं लावायचं चुकलं, असं तिला वाटलं. ज्या माणसाने एका नजरेत तिची रेघ कललेली सांगितली, त्याच्यासमोर आता दुसरी चूक कबूल करायची? शिवाय बाबा तिथेच. काच पुसून आणते म्हणत ती स्कोपसकट रायफल आतल्या खोलीत घेऊन गेली, स्पिरिटच्या बोळ्याने ठिपका पुसला, कडं अंदाजाने दोन रेघा फिरवलं आणि रेघेसमोर नवा ठिपका ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, “बघा बरं.”

“वा,” तो म्हणाला. “तुमच्या हाताला गुण आहे.”

तीन आठवड्यांनी परत पुसट. परत तिने काच पुसून आणली. आणि या वेळी ठिपका पुसताना तिला कळून चुकलं, कारण लहानपणी बाबांनी कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं की कडं आपोआप सरकत नाही. कड्याला सारखं फिरवावं लागलं तर डोळा सरकतोय असं समजायचं, आणि त्या माणसाला दुकानातून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडायचं. बस, एवढंच करायचं होतं. बाहेर जायचं आणि सांगायचं.

ती बाहेर आली तेव्हा तो बाबांना त्या आठवड्याचे गुण सांगत होता. आजवरचे सगळ्यांत चांगले. तिला बघून तो असा हसला की तिने नुसती रायफल त्याच्यापुढे ठेवली. पुढच्या शनिवारी सांगू, तिने ठरवलं. पुढच्या शनिवारी त्याने तिच्यासाठी वेगळी बिस्किटं भाजून आणली होती, आणि ती परत मूग गिळून बसली.

खरं सांगायचं तर ती त्याच्या डोळ्याला भीत नव्हती. ती भीत होती ती रिकाम्या शनिवाराला. स्पर्धा झाली की सांगू, आता दोनच महिने तर राहिलेत, त्याला चौथा नंबर नको आहे, तो तिसरा येऊ दे… मनाला समजूत घालायला माणसाला कारणं काय, हवी तितकी सापडतात. आणखी दोनदा तिने ठिपका पुसला. आणखी दोनदा नवा ठेवला. नळीवरची रेघ आणि कड्यावरचा ठिपका कसे अगदी समोरासमोर. बघणाऱ्याला वाटावं, काही म्हणून हललेलं नाही.

एकदा तर त्याने स्वतःहून विषय काढला. खिडकीतून चिमणीकडे बघत होता. म्हणाला, “तुमच्या शिडीला हल्ली जुळी बहीण झाली वाटतं. एका शेजारी एक.”

ती हसली. थट्टा करतोय असं तिला वाटलं म्हणून नव्हे. थट्टाच असू दे म्हणून. तोही हसला, आणि मनगटाने डोळा चोळला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत धुक्यात लक्ष्यं दिसेनात. सगळे नेमबाज पत्र्याच्या शेडमध्ये कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. बाबांना दुकान सांभाळायला सांगून ती आली होती. कशाला जातेस, एवढं एकच त्यांनी विचारलं होतं, आणि ती मफलर शोधत बसली होती.

धुकं विरलं आणि सुरुवात झाली. तो पालथा झोपला, गाल रायफलला टेकवला, आणि तिने शेडच्या खांबाशी उभं राहून तिवईवरच्या दुर्बिणीतून त्याचं लक्ष्य धरलं. पहिल्या वीस गोळ्या अशा गेल्या की शेजारचा म्हातारा नेमबाज चहा प्यायचा विसरला. चाळिसाव्या गोळीला तो दुसऱ्या नंबरावर होता. तिने हात जोडलेले होते, आणि कुणापुढे ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मधली सुट्टी झाली. तो उठला, पाणी प्यायला, डोळा चोळला. परत झोपला. गोळी सुटली. तिने त्याच्या लक्ष्यावर भोक शोधलं. नव्हतं. दुसरी सुटली. तेही नाही. तिने दुर्बीण शेजारच्या लक्ष्यावर नेली.

भोकं तिथे होती. एकाला एक लागून, अगदी मधोमध. त्याने शेजारच्याच्या लक्ष्यावर नेम धरला होता. लक्ष्याच्या वरच्या पाटीवरचा आकडा त्याला नीट दिसलाच नव्हता. तिथे कितीही मधोमध मारा, त्याचा गुण शून्य. पंच येऊन त्याच्या खांद्याला हात लावेपर्यंत त्याने सहा गोळ्या तशाच टाकल्या होत्या. बाकीच्या त्याने टाकल्या, पण त्याला आता अर्थ नव्हता.

तो एकविसावा आला. चौथासुद्धा नाही.

शेडमागे एक बाकडं होतं, तिथे तो एकटा बसला होता. तिला बघून बाजूला सरकला. म्हणाला, कसं झालं काय माहीत, दोन-दोन आकडे दिसत होते, मला वाटलं धुकं असेल. आवाज अगदी साधा होता, आणि तोच तिला सोसवला नाही.

“मी ते कडं फिरवलंय,” ती म्हणाली. “चारदा. काच पुसते म्हणून आत न्यायचे ना… ठिपका पुसून नवा लावायचे. पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्यांदा कळलं होतं. तुमचा डोळा बदलतोय, हे मला दोन-अडीच महिन्यांपासून माहीत आहे.”

तो काही विचारेल, ओरडेल, म्हणून ती वाट बघत होती. त्याने ओरडायला हवं होतं. तो उठला, रायफलची पेटी उचलली आणि गेला.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं बाबा दुकानाच्या नावाबद्दल बोलतील. त्यांनी ब्रशची डबी पुढे ओढली.

“गिऱ्हाइकाशी खोटं वागलीस, ते मी एक वेळ पोटात घालीन,” ते म्हणाले. “पण तो तुला गिऱ्हाईक नव्हता ना, बाळ. मग असं कसं केलंस?”

ती ढसाढसा रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तुझं बरोबर होतं असं काही ते म्हणाले नाहीत.

पुढचं वरच्या दातांच्या डॉक्टरांकडून कळलं, कारण त्याचा थोरला भाऊ त्यांच्याकडे दाढ काढायला आला होता. त्याच्या उजव्या डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकदार होत चालला होता. सारखं चोळल्याने तो आणखी बिघडतो. उपचार केला तर आहे तिथे थांबतो, पण जे झालं ते मागे फिरत नाही. उपचार झाला होता. उजव्या डोळ्याने आता एकाचे दोनच दिसणार. डावा चांगला होता. थोडं आधी आला असता तर बरंच वाचलं असतं, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. हे सांगताना दातांच्या डॉक्टरांना काय माहीत की आपण कुणापुढे बोलतोय. ती हो का, हो का करत जिन्याचा कठडा धरून उभी राहिली.

सात शनिवार गेले. तिने ते मोजले. दारावरची घंटा वाजली की मान वर करायची नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि प्रत्येक वेळी मान वर होत होती. बाबांनी एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणला. दोघांनी एकेक घास खाल्ला आणि उरलेला तसाच राहिला.

आठव्या शनिवारी दार पाठीने ढकललं गेलं.

तोच होता. एका हातात रायफलची पेटी, दुसऱ्या हातात कागदी पिशवी. काळा चष्मा लावलेला, गालफडं बसलेली. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि आपल्याला वरच्या डॉक्टरांना दात दाखवायचा आहे असं म्हणून ते जिना चढून गेले. कवळी लावणाऱ्या माणसाला कुठला दात दाखवायचा होता, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्याने पेटी टेबलावर ठेवून उघडली. स्कोप काढून घ्यायला आलात का, तिने विचारलं. तो नाही म्हणाला. बाहेर भरून आलं होतं आणि रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं.

“काच पुसून क्रॉस स्पष्ट होत नसतो,” तो शेवटी म्हणाला. “मी वीस वर्षं बंदूक धरतोय. मला काय कळत नव्हतं?”

तिने वर बघितलं.

“पहिल्यांदा नाही कळलं. पण तिसऱ्यांदा कळलं. तुझ्या हाताला रंगाचा वास यायचा.” त्याने चष्मा काढला. डोळा लाल होता, पण शांत. “मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही. ती शिडीची गंमत केली ना… तेव्हा मनात म्हणत होतो, आता ही सांगेल. आणि म्हणत होतो, नको सांगू दे.”

“मी सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं. सात आठवडे मी तुझ्यावर चिडलो होतो. मग माझ्यावर चिडलो. आता दमलो.” तो खुर्चीत बसला. “दोष निम्मा तुझा आहे. सगळा घेऊ नकोस, मला माझा वाटा लागतो.”

तो तिला तू म्हणत होता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. माफ केलं असं तो म्हणाला नव्हता, आणि तिनेही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. तिने एवढंच विचारलं की आता काय करणार.

“पाव भाजणार. त्याला एक डोळा पुरतो.” मग पेटीतली रायफल त्याने तिच्याकडे फिरवली, स्कोपचं डोळ्याकडचं टोक तिच्यासमोर येईल अशी. “आणि हे तुझ्या डोळ्याला लाव.”

“माझ्या? मला कुठे नेम धरता येतो?”

“मी शिकवीन. वारा मी सांगीन, लक्ष्य मी सांगीन, डाव्या डोळ्याला अजून एकच पाटी दिसते. तू नुसतं बघायचंस.” तो थांबला. “हा नेम सोडला तर माझं म्हणावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. आता तोही नाही. मग म्हटलं, निदान… तुझ्याजवळ असू दे. तू जवळ असू दे. मला नीट बोलता येत नाही. तू मला हवी आहेस, एवढंच आहे ते.”

तिला खूप काही म्हणायचं होतं. मलाही, असं ती म्हणाली, आणि तेवढंही अर्धंच बाहेर आलं.

तिने स्कोप खिडकीतल्या आभाळाकडे केला आणि डोळा लावला. इतक्या महिन्यांत तिने या कड्यामागून कधीच बघितलं नव्हतं. पहिल्यांदा तो हं म्हणेपर्यंत, मग अंदाजाने फिरवायची आणि ठिपका ठेवायची, बस. आता पहिल्यांदा तिला त्याच्या डोळ्याला लावलेलं तसंच्या तसं दिसलं. करड्या आभाळावर क्रॉस कुठे होता ते कळेना, नुसता ओला डाग. याच्याही पलीकडे आता त्याचा डोळा गेला होता. तिचे डोळे भरून आले आणि तो डागही गेला.

“रोखून बघू नकोस,” तो शेजारून म्हणाला. “एक नजर. डोळा लबाड असतो.”

तिने डोळे पुसले. तो कडं फिरवत गेला, ती नजर टाकत गेली. एकेका रेघेने कडं उलटं येत होतं, तिने चारदा जे पुढे नेलं होतं ते सगळं मागे. बरंच मागे आल्यावर क्रॉस असा काळा आणि बारीक उमटला की ती म्हणाली, “हं. आता.”

बोळ्याने जुना ठिपका तिने पुसला, त्याच्यासमोर. मग ब्रश घ्यायला हात पुढे केला, तर तो आधीच त्याने उचलला होता. उजवा डोळा मिटून, श्वास धरून, नेम धरताना धरायचा तसा, त्याने ठिपका ठेवला. आणि सवयीने उजवा डोळा उघडून बघितला.

“बरोबर आलाय?” त्याने विचारलं. “मला दोन दिसतायत.”

ठिपका रेघेच्या जरा डावीकडे पडला होता. अगदी एवढासा. दुकानाच्या रीतीप्रमाणे तो पुसून परत ठेवायला हवा होता, आणि या वेळी खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलेलं होतं.

“डावीकडे गेलाय,” ती म्हणाली. “राहू दे. कुठे जुळवायचा ते मला कळेल.”

तिने ब्रश त्याच्या हातातून घेऊन धुतला आणि डबीत ठेवला. मग खिडकी लावली, कारण बाहेर थेंब पडायला लागले होते, आणि रंग वाळायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दोघं पाव खात त्या रायफलच्या दोन बाजूंना बसून राहिली.